एकशे अठरा नंबरची कवळी

९ जानेवारी

धाकट्या,

पत्र उघडताना घाबरू नकोस, मी धडधाकट आहे. फोनच करणार होते, पण तुझ्या ऑफिसातली ती मुलगी दर वेळी "कोण बोलतंय, कशाबद्दल?" असं विचारते आणि मला सांगावंसं वाटतं, बाई गं, तुझ्या साहेबाची थोरली बहीण बोलतेय, लहानपणी त्याचं नाक पुसणारी. म्हणून म्हटलं पत्रच बरं.

काल सकाळी दुकानाचं कुलूप काढत होते, तर नदीपलीकडच्या रस्त्याच्या कामावरचा मशीनवाला दारात उभा. तो खोदाईचं मोठं मशीन चालवतो. दारात मावणार नाही एवढा माणूस, पण हातात रुमालाची पुरचुंडी इतकी जपून धरलेली की मला वाटलं आत अंडं आहे. म्हणाला, "ताई, खोदताना खड्ड्यात सापडलं. हे तुमच्या दुकानातलं आहे का?" उघडून बघते तर वरची कवळी. मातीने माखलेली, पुढचा एक दात उडालेला. धुऊन आतली बाजू बघितली. बाबांच्या सुईने कोरलेला नंबर, एकशे अठरा.

तुला ठाऊक आहे, बाबा कवळी उकळायला घालायच्या आधी आतून नंबर कोरायचे आणि तोच नंबर माणसाच्या नावासमोर वहीत लिहायचे. एका माणसाला एक नंबर, तो मरेपर्यंत. वही काढली. एकशे अठरा म्हणजे पलीकडच्या आळीतले घड्याळवाले काका. तू तेव्हा रांगत होतास, तुला नाही आठवणार. मला ते भिंतीवरच्या मोठ्या घड्याळाची चावी फिरवू द्यायचे आणि मी दोन वेढे जास्त दिले की ओरडायचे.

आता मला सांग. शाळेत आपण सगळ्यांनी घोकलं, की युद्धाच्या दुसऱ्या वर्षी पलीकडची आळी आपखुशीने ट्रकमध्ये बसली आणि सरहद्द ओलांडून गेली. दोनशे माणसं. मी तेव्हा अकरा वर्षांची होते, ट्रक जाताना मीही पाहिले. मग काका तिकडे गेले आणि त्यांची कवळी इथे खड्ड्यात कशी? मशीनवाला म्हणतो, खाली माणसं एकावर एक आहेत आणि मनगटांना तार आहे. हे सांगताना तो माझ्याकडे बघत नव्हता.

खड्डा जुन्या साथीतला की युद्धातला हे ठरवायला समिती नेमली आणि तू तिचा सेक्रेटरी, हे पेपरात वाचलं. जीव भांड्यात पडला. म्हटलं, चला, आपल्या घरचा माणूस आहे. काय करू ते लवकर कळव. कवळी माझ्याकडे कपाटात आहे.

ताई


१७ जानेवारी

प्रिय ताई,

तुझं पत्र थेट घरी आलं हे फार चांगलं झालं. यापुढेही घरीच पाठव.

आधी एक कर, कुणाशी बोलू नकोस. तुझ्यावर अविश्वास म्हणून नाही. पण गावात एकाचे दहा होतात आणि समितीचं काम नाजूक आहे. तिन्ही सदस्य वयस्कर, विद्वान आणि एकमेकांशी न पटणारे आहेत. त्यांच्यापुढे कागद हवा, ऐकीव गोष्ट नको. मार्चअखेर निकाल द्यायचा आहे, त्यानंतर रस्त्याचं काँक्रीट पडणार. म्हणून बाबांची नंबरांची वही मला रजिस्टर पोस्टाने पाठव. सोबत दुरुस्तीचीही वही पाठव. दोन्ही लागतील.

मनगटाच्या तारेबद्दल म्हणशील, तर साथीच्या काळात प्रेतं बांधूनच न्यायचे, असं आमचे इतिहासवाले सदस्य सांगतात. उगाच मनाला लावून घेऊ नकोस. आपल्या सैन्याबद्दल लोक काहीबाही बोलतात तेव्हा मला नेहमी छावणीच्या बंगल्यावरचे ते तीन दिवस आठवतात. मी पाच वर्षांचा असेन. तीन चाकांची सायकल, टबात आंघोळ आणि मेजरसाहेब स्वतः माझ्या बिस्किटाला लोणी लावत होते! अशी माणसं असं काही करतील का, तूच सांग.

मशीनवाल्याला पुन्हा दुकानात घेऊ नकोस. तुझी भावजय आठवण काढते. गुडघ्याला तेल लावतेस ना?

तुझा धाकटा


२५ जानेवारी

सेक्रेटरीसाहेब,

हुकमाप्रमाणे दोन्ही वह्या आजच पोस्टात टाकल्या. पोस्टातल्या बाईंनी वजन करताना विचारलं, "काय आहे एवढं?" मी म्हटलं, "गावाचे दात."

समितीच्या तिघा आजोबांना वाचता यावं म्हणून थोडं समजावून सांगते. मोठी वही नंबरांची. पलीकडच्या आळीतले एकतीस जण तिच्यात आहेत, त्यांच्या नावांपुढे मी पेन्सिलीने टिंब दिलंय. तपकिरी पुठ्ठ्याची आहे ती दुरुस्तीची. कवळी तुटली, सैल झाली, दात बदलला, की त्या वहीत तारीख पडायची आणि कवळीच्या मागच्या कडेला, टाळूपाशी, बाबा कानशीने एक बारीक खाच घालायचे. दर दुरुस्तीला एक खाच. पुढच्या कारागिराला हात लावताच कळावं, की हिला किती वेळा उघडलंय. मीही आयुष्यभर तेच केलं. आता नवीन पोरं कॉम्प्युटरवर लिहितात आणि कवळी गुळगुळीत ठेवतात, ठेवू देत बापडी.

दुरुस्तीच्या वहीतलं अक्षर बघ हं! माझं आहे. मूळची वही भिजली म्हणून बाबांनी सगळी नव्याने उतरवून घेतली माझ्याकडून, मी चौदा वर्षांची असताना. एक खाडाखोड दिसणार नाही तुला. त्या वर्षी शाळेत माझा सुंदर अक्षराचा पहिला नंबर आला होता, तो उगीच नाही.

कवळी मात्र पाठवत नाही, पोस्टात फुटेल. तुमच्यापैकी कुणी येईल तेव्हा हातात देईन. गुडघ्याचं तेल संपलं आणि गुडघा आहे तिथेच आहे.

ताई


१२ फेब्रुवारी

प्रिय ताई,

तुला आनंदाची बातमी द्यायची आहे. तुझ्या वह्यांनी समितीचं निम्मं काम केलं!

दुरुस्तीच्या वहीत त्या एकतीसच्या एकतीस जणांच्या नोंदी आहेत, आणि सगळ्या ट्रक गेल्यानंतरच्या तीन वर्षांतल्या. म्हणजे माणसं जिवंत होती, सरहद्दीपलीकडे नीट राहत होती आणि दात दुखले की आपल्या बाबांकडे येऊन जात होती. घड्याळवाले काका तर दोनदा येऊन गेले, एकदा पावसाळ्यात आणि एकदा पुढच्या हिवाळ्यात. मेलेला माणूस कवळी दुरुस्त करायला येत नाही, असं अध्यक्ष बैठकीत म्हणाले आणि सगळे हसले. तेव्हा तो खड्डा जुन्या साथीतलाच. तुझ्याकडची कवळी मागाहून कुणीतरी कचऱ्यात टाकलेली असणार.

इतकी वर्षं बाहेरचे लोक आपल्या देशाला जो डाग लावत होते, तो आपल्या बाबांच्या वहीने पुसला जाणार आहे. ३० मार्चला आपल्या गावातल्याच सभागृहात निकाल जाहीर करायचं ठरतंय. वही काचेच्या पेटीत ठेवतील आणि वही जपणारी म्हणून तुझा सत्कार होईल. चांगली साडी काढून ठेव. मंत्री येणार आहेत, त्यांच्यापुढे नाक पुसण्याच्या गोष्टी सांगू नकोस म्हणजे झालं.

कवळी न्यायला माणूस पाठवतो. तोवर कुणाला दाखवू नकोस.

तुझा धाकटा


१९ फेब्रुवारी

धाकट्या,

तुझं पत्र वाचून आधी हसले, मीही. मग कपाटातून कवळी काढली, काकांच्या दोन दुरुस्त्या कशा केल्यात ते बघावं म्हणून. बाबांचं काम बघायला मला अजून आवडतं.

तिला एकही खाच नाही.

खिडकीत नेऊन बघितली, भिंगातून बघितली, डोळे मिटून अंगठा फिरवला. मागची कड बाबांनी पॉलिश करून दिली तशीच्या तशी गुळगुळीत आहे. जो दात उडालाय तो मूळचाच होता. ही कवळी दुकानातून एकदाच बाहेर गेली आणि परत कधी आली नाही. वहीत मात्र दोनदा येऊन गेली.

आधी स्वतःलाच समजावलं, की बाबा विसरले असतील. पण तूच सांग, बाबा खाच विसरतील? आई गेली त्या आठवड्यात लोक भेटायला येत होते आणि हा माणूस मधूनच उठून कानस मारून येत होता. तुला राग आला होता बघ तेव्हा.

आता पुढचं ऐक. त्याला दुकानात घेऊ नकोस असा तुझा निरोप यायच्या आधीच मशीनवाल्याने आणखी दोन कवळ्या आणून दिल्या होत्या. तुला सांगितलं नव्हतं, ओरडशील म्हणून. चौसष्ट आणि दोनशे तीन. चौसष्ट म्हणजे पलीकडच्या शाळेतल्या शिवणाच्या बाई, दोनशे तीन म्हणजे त्यांच्या सासूबाई. तुझ्या वहीत बघ त्यांच्या नावावर किती दुरुस्त्या आहेत. कवळ्यांवर खाच नाही, दोन्ही कोऱ्या. एक कवळी कचऱ्यात गेली असं मी मान्य करीन. तिन्ही गेल्या?

मशीनवाला आता येत नाही. त्याची बायको भाजीच्या दुकानात भेटली, म्हणाली त्याला कुठल्यातरी लांबच्या कामावर धाडलंय, पत्ता दिलेला नाही. माझ्याशी बोलताना ती सारखी मागे बघत होती.

आणि एक गोष्ट मला तेव्हापासून सलतेय. पहिल्या पत्रात मी फक्त नंबरांच्या वहीबद्दल लिहिलं होतं. दुरुस्तीच्या वहीचं नाव मी काढलंच नव्हतं, ती तू आपणहून मागितलीस. तू लहान असल्यापासून दुकानात पाऊल टाकायचा नाहीस, मेणाच्या वासाने तुला ओकारी यायची. अशी वही आहे हे तुला कुणी सांगितलं?

हे वहीतलं माझं अक्षर आहे रे. मी काय लिहिलंय ते मला कळायला हवं. कवळ्या मी कुणाच्या हाती देणार नाही, समितीपुढे स्वतः घेऊन येईन.

ताई


२४ फेब्रुवारी

ताई,

घाईत लिहितोय. असल्या गोष्टी कृपा करून पत्रात लिहू नकोस.

वहीचा उल्लेख आमच्या जुन्या फायलीत होता, त्यात गूढ काही नाही. बाबा शेवटी माणूसच होते, खाच राहिली असेल. तुझे डोळेही आता पूर्वीचे नाहीत, मोतीबिंदू दोन वर्षं अंगावर काढलास. आणि राग मानू नकोस, अशा धूसर आठवणीवर कुणी पन्नास वर्षांपूर्वीच्या कामाचा निवाडा करत नसतं. तुझी भावजय म्हणत होती, मागच्या फोनवर तू तिला एकच गोष्ट दोनदा सांगितलीस. झोप लागते का? गॅस बंद करायचा राहतो का कधी? खरं सांग.

माझ्या निवृत्तीला दहा महिने उरलेत. एवढंच म्हणतो.

धाकटा


६ मार्च

धाकट्या,

झोप छान लागते. गॅस बंद करते. तुझ्या बायकोला गोष्ट दोनदा सांगितली, कारण पहिल्यांदा ती टीव्ही बघत होती.

मी दहा दिवस काही लिहिलं नाही, बसून फक्त आठवत होते. आठवणं हे कामच आहे, हळूहळू करावं लागतं. आता जे सांगते ते मला पूर्वीही माहीत होतं, फक्त एकापुढे एक असं मांडलं नव्हतं. तुला पूर्ण वाचावं लागेल, शपथ आहे तुला माझी.

मूळ दुरुस्तीची वही भिजलेली नव्हती. मी उतरवायला बसले तेव्हा ती टेबलावर बाबांच्या पुढ्यात होती, कोरडी ठणठणीत. ते तिच्यातून वाचून सांगत होते आणि मी नवीन वहीत लिहीत होते. पण मधेच ते वहीत न बघता सांगायचे. खिडकीकडे बघून एखादा नंबर म्हणायचे, तारीख म्हणायचे, "दुरुस्ती, एक दात" म्हणायचे. मला वाटलं पाठ आहे त्यांना. तेव्हा बाहेरच्या देशाचे लोक चौकशीला येणार म्हणून गावात रंगरंगोटी चालली होती, आठवतंय का कुणाकडून ऐकलेलं? मी मध्येच विचारलं, "बाबा, काका परत आले होते? मला का नाही भेटले?" तर बाबांनी मला मारलं. आयुष्यात एकदाच मारलं त्यांनी मला, आणि लगेच म्हणाले, "लिही."

तीन दिवस लागले. दोन शाया वापरल्या, निबं बदलली, सगळं एका बैठकीतलं दिसू नये म्हणून. मला तो खेळ वाटत होता. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी जुनी वही मेणाच्या शेगडीत गेली. दारात जीप थांबली, बाबांनी नवी वही मेजरसाहेबांच्या हातात दिली, त्यांनी पानं चाळली, चौकशीवाल्यांना दाखवायला दुकानातच ठेवा म्हणून परत दिली, माझ्याकडे बघून "सुरेख अक्षर" म्हणाले. मग ड्रायव्हरला खूण केली आणि त्याने मागच्या सीटवरून तुला उतरवलं.

ते तुझे तीन दिवस रे. सायकल, टब आणि लोणी लावलेली बिस्किटं. आई ते तीनही दिवस जेवली नव्हती. तू उतरलास तो खुशीत होतास, पुन्हा जायचंय म्हणून रडलास, आणि आई तुला छातीशी धरून बसली ती सुटेचना.

मी बाबांना दोष देत नाही. तुझ्यासाठी मी आजही चौदा वर्षांची झाले तर तेच लिहीन, तेवढ्याच चांगल्या अक्षरात. एकतीस माणसं आधीच गेलेली होती आणि तू जिवंत होतास. पण धाकट्या, मी आता सदुसष्ट वर्षांची आहे. आता मला कोण ओलीस ठेवणार? त्या माणसांना एकदा तारेने बांधून मारलं आणि नंतर माझ्या अक्षरात तीन वर्षं जिवंत ठेवलं. आता त्यांच्यावर काँक्रीट घालतील, तेही माझ्याच वहीच्या आधारावर. मला हे सहन होत नाही.

३० तारखेला मी येणार. साडी चांगली नेसेन. सत्कारानंतर माइक देतात ना, तेव्हा सांगेन की हे अक्षर माझं आहे, या नोंदी खोट्या आहेत, आणि या तीन कवळ्या बघा. तू त्याआधी समितीला सांगितलंस तर मला बोलायची वेळच येणार नाही. मला मनापासून वाटतं तूच सांगावंस. मी तुझी वाट बघतेय.

ताई


२० मार्च

प्रिय ताई,

तुझं पत्र दोनदा वाचलं आणि जाळून टाकलं. तूही माझी पत्रं ठेवू नकोस.

तू जे लिहिलंस ते खरं की खोटं यात मी शिरत नाही. मला बंगला आठवतो आणि तिथे मला कुणी वाईट वागवलं नाही. माझ्या सगळ्या बालपणात मला कुणी इतकं लाडावलं नव्हतं. बाबा दुकानात असायचे, आई नेहमी चिडलेली, तू अभ्यासात. ते तीन दिवस माझे होते. ते तू का काढून घेतलेस? काय मिळालं तुला?

तू समजतेस तसं हे माझ्या हातात नाही. मी सेक्रेटरी आहे, कागद पुढे सरकवतो. मी नाही सरकवला तर दुसरा सरकवेल, आणि तो तुझा भाऊ नसेल. तुला अजून कुणी काही बोललेलं नाही ते मी इथे बसलोय म्हणून. तू माइकपुढे जाऊन बोललीस, तर देशाच्या कागदात खोट्या नोंदी केल्या असं तूच कबूल केल्यासारखं होईल. त्याला शिक्षा आहे, ताई. वयाकडे बघत नाहीत.

म्हणून मी एक मार्ग काढला आहे, आणि तो फक्त तुझ्या भल्यासाठी. मंगळवारी एक डॉक्टर येतील, सोबत एक जण असेल. दोन-चार प्रश्न विचारतील, त्यांची नीट उत्तरं दे. कवळ्या त्या सोबतच्या माणसाकडे दे. तुझ्या मनावर ताण आलाय, थोडे दिवस डोंगरावर चांगल्या हवेत राहशील, खोलीला खिडकी आहे याची मी खात्री करून घेतली आहे. ३० तारखेचा सत्कार मी तुझ्या वतीने स्वीकारीन.

माझ्यावर रागावू नकोस. मला दुसरं कुणी नाही.

तुझा धाकटा


मंगळवार, २७ मार्च

धाकट्या,

तुझी माणसं येऊन गेली. डॉक्टर पोरसवदा आहे, स्वच्छ नखांचा, सारखा "आजी, आजी" करणारा. मी चहा दिला. सोबतच्या माणसाने चहा घेतला नाही, तिन्ही कवळ्या पाकिटात घातल्या. पावती मागितली तर हसला. शेवटची माझ्या हातातून सोडवायला त्याला थोडा वेळ लागला, एवढंच.

मग प्रश्न सुरू झाले. डॉक्टर म्हणाला, "आजी, आज वार कोणता?" मी म्हटलं, मंगळवार. तारीख विचारली, सांगितली. शंभरातून सात-सात वजा करायला लावले, मी दोनपर्यंत आणून दिले आणि विचारलं आता उलट मोजू का. तो लिहीत होता. मला समोरून उलटं वाचता येतं, साच्यात सगळं उलटंच बघावं लागतं ना आमच्या धंद्यात. वार, शुक्रवार. तारीख, सांगता आली नाही. वजाबाकी, जमत नाही.

मी त्याचं पेन काढून घेतलं, ते खोडलं आणि वर खरी उत्तरं लिहिली. तो रागावला नाही. फॉर्म फाडला, बॅगेतून नवीन काढला आणि पुन्हा पहिल्यापासून, "आजी, आज वार कोणता?" असं तीनदा झालं. तिसऱ्यांदा त्याने गठ्ठाच बाहेर काढून टेबलावर ठेवला. वीसेक फॉर्म असतील, सगळे कोरे. आणि प्रत्येकाच्या तळाशी, जवळच्या नातेवाईकाच्या जागेवर, तुझी सही होती.

मला आधी वाटलं छापलेली आहे. बोट फिरवून बघितलं, पेनाचीच. वीस वेळा केलीस. हात भरून आला असेल.

तेव्हा मला रडू आलं, तुझ्यापासून लपवत नाही. डॉक्टर अवघडला आणि फोन करायला बाहेर गाडीकडे गेला, दुसरा त्याच्यामागून. दोघं दाराकडे पाठ करून उभे होते. मी गठ्ठ्यातले दोन फॉर्म काढून घेतले. त्यांनी मोजले नाहीत.

उद्या सकाळी आठला गाडी येणार आहे. एक पिशवी घेता येईल असं सांगितलंय. दुकानाचं कुलूप घातलं, अवजारांना तेल लावून ठेवलं. मला भीती वाटतेय, धाकट्या. खोलीला खिडकी आहे म्हणालास, ती उघडते का ते विचारायचं राहिलं.

ते गेल्यावर मी बसून लिहिलं. फॉर्मवर "रुग्णाचे म्हणणे" अशी मोठी चौकट आहे, तिच्यात मी त्या एकतीस जणांची नावं नंबरासकट लिहिली. वह्या तुझ्याकडे आहेत, पण त्या नावांवरून माझा हात दोनदा फिरलाय, एकदा लिहिताना, एकदा टिंबं देताना. एकोणतीस नावं आठवली. दोन काही केल्या आठवेनात, त्यांचे नुसते नंबर लिहिले. मग लिहिलं, की ही माणसं ट्रकमधून उतरवून नदीकाठी मारली, त्यांच्या दुरुस्तीच्या नोंदी खोट्या आहेत, त्या मी लिहिल्या, कुणी लिहायला लावल्या आणि त्याबदल्यात कोण घरी परत आलं. तुझं नाव घातलंय, ते घालावंच लागलं.

दोन्ही फॉर्मवर तेच लिहिलं. एक मी ज्याला द्यायचा त्याला दुपारीच दिला, तो आतापर्यंत गावाबाहेर गेला असेल. कुणाला ते सांगणार नाही. तू विचारशील आणि मी सांगणार नाही असं कधी झालं नव्हतं, हे पहिल्यांदाच.

दुसरा फॉर्म तुझ्या हातात आहे. हे पत्र त्याच्याच मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलंय. पान उलटून बघ. सगळ्या नावांच्या खाली छापलेली ओळ आहे, "वरील मजकूर मी वाचला असून तो खरा आहे," आणि तिच्याखाली तू सही केली आहेस.

ताई